‘ह्यू लिंडसे’: मुंबईच्या पहिल्या आगबोटीचा कार्यकाल आणि कोळशाचा प्रश्न

१

मुंबईहून सुएझपर्यंतचा जलप्रवास वाफेच्या शक्तीवर प्रथम इ. स. १८३० मध्ये झाला आणि तो मुंबईच्याच गोदीत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या चाकी आगबोटीने केला, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासावरील ग्रंथांतून बहुधा एका वाक्यात येऊन जाते. त्या वाक्यात एक आकडाही असतो. आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिल रोजी सुएझला पोहोचली. म्हणजे तिला बत्तीस दिवस व काही तास लागले. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंड गाठण्यास चार ते सहा महिने लागत असत. त्या मानाने हा आकडा थक्क करणारा आहे, यात शंका नाही. वाफेने वाऱ्यावर विजय मिळविला, असा निष्कर्ष त्यावरून सहज काढला जातो.

तथापि, हा आकडा उकलून पाहिला की निराळेच चित्र दिसू लागते. या बत्तीस दिवसांपैकी प्रत्यक्ष चालण्यात गेलेला काळ एकवीस दिवस व काही तास एवढाच होता. उरलेले अकराहून अधिक दिवस ही आगबोट कोठल्या ना कोठल्या बंदरात नांगर टाकून उभी होती. ना वादळ आड आले होते, ना शत्रू. ती उभी होती ती कोळशासाठी. एकूण प्रवासाचा एक तृतीयांश काळ केवळ जळण भरण्यात जावा, ही गोष्ट आनुषंगिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ‘ह्यू लिंडसे’ची रचना, तिच्या सफरींची संख्या, तिच्यावरून मुंबई व लंडन येथील अधिकाऱ्यांत झालेला वाद आणि तिच्या मार्गावरील एका अरबी बंदराचे राजकीय भवितव्य, ही सर्व कोळशाच्या या एकाच प्रश्नाशी निगडित आहेत, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

२

आगबोटीचा जन्म नदीवर झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकेत फुल्टनची आगबोट १८०७ मध्ये हडसन नदीवर चालू लागली. स्कॉटलंडमधील ‘कॉमेट’ १८१२ मध्ये क्लाइड नदीवर फिरू लागली. हिंदुस्थानातही तोच क्रम दिसतो. कलकत्त्याजवळ खिदिरपूर येथे १८२३ मध्ये पाण्यात सोडलेली ‘डायना’ ही लहानशी चाकी आगबोट हुगळीवर वावरली आणि लवकरच पहिल्या ब्रह्मी युद्धात (१८२४ ते १८२६) इरावती नदीवर कामास आली. नदीवरील आगबोटीला दोन सोयी असतात. पाणी संथ असल्यामुळे चाकांची पाती एकसारख्या खोलीवर बुडतात, हे एक. आणि किनारा नेहमी हाताशी असल्याने जळण संपले की काठाला लागून लाकूड अथवा कोळसा भरून घेता येतो, हे दुसरे. नदीवरच्या आगबोटीला आपले जळण स्वतः फार दूर वाहून न्यावे लागत नाही.

समुद्रात या दोन्ही सोयी नाहीशा होतात. तेथे आगबोटीला पुढच्या बंदरापर्यंत लागणारा सर्व कोळसा पोटात घेऊन निघावे लागते. त्या काळची एंजिने कमी दाबाच्या वाफेवर चालणारी आणि जळणाच्या बाबतीत अतिशय खादाड होती. कोळसा जितका जास्त घ्यावा तितकी बोट जड होते. बोट जड झाली की तिची चाल मंदावते. आणि चाल मंदावली की कोळसा अधिक लागतो. या चक्रातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग त्या काळी उपलब्ध होता, तो म्हणजे वाटेत ठिकठिकाणी कोळशाच्या वखारी आधीच भरून ठेवणे. समुद्रमार्गाला नदीचे काठ निर्माण करणे, असेही याचे वर्णन करता येईल.

कलकत्त्याच्या मंडळींनी प्रथम आफ्रिकेच्या वळशाचा मार्गच धरला होता. ‘एंटरप्राइझ’ ही आगबोट ऑगस्ट १८२५ मध्ये इंग्लंडहून निघाली आणि डिसेंबरात कलकत्त्यास पोहोचली. प्रवासास साडेतीन महिन्यांहून अधिक काळ लागल्यामुळे चांगल्या शिडाच्या जहाजावर तिने काही मोठी मात केली, असे म्हणता येत नव्हते. मुंबईची दृष्टी पहिल्यापासून निराळी होती. मुंबई हे तांबड्या समुद्राच्या मुखाला सर्वांत जवळचे मोठे बंदर. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्याचा रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ मध्येच तांबड्या समुद्राच्या मार्गाने आगबोटीचे टपाल सुरू करण्याची सूचना केली होती. ती त्या वेळी मान्य झाली नाही. त्याच्यानंतर गव्हर्नर झालेला सर जॉन माल्कम आणि मुंबईच्या आरमारी खात्याचा प्रमुख असलेला त्याचा भाऊ सर चार्ल्स माल्कम यांनी ती पुन्हा उचलून धरली. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीची बोलणी करणारा माल्कम तो हाच. मराठी वाचकांस त्याचे नाव त्या प्रसंगाने परिचित आहे. पण ‘ह्यू लिंडसे’ हे त्याच्या मुंबईतील कारकिर्दीचे तितकेच टिकाऊ फलित मानावे लागेल.

३

ही आगबोट मुंबईच्या गोदीत १४ ऑक्टोबर १८२९ रोजी पाण्यात सोडण्यात आली. गोदीचे मुख्य जहाजबांधणीकार त्या वेळी नवरोजी जमशेटजी वाडिया हे होते. वाडिया घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेहून मुंबईस येऊन ही गोदी नावारूपास आणली होती. ब्रिटिश आरमारासाठी १८१७ मध्ये येथे बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे, यावरून या बांधणीच्या टिकाऊपणाची कल्पना यावी. या टिकाऊपणाचे मूळ सागवानात होते. मलबारचे सागवान विशेष नावाजलेले असले, तरी सह्याद्रीच्या उत्तर भागातील सागही मुंबईच्या गोदीस हवाच असे. नाशिक जिल्ह्यातील पेठ व सुरगाणा यांच्या सीमेला लागून असलेल्या डांगच्या जंगलांचे तोडीचे पट्टे कंपनी सरकारने १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून घेतले, ते याच गरजेपोटी.

‘ह्यू लिंडसे’चे वजन ४११ टन होते. लंडनच्या मॉडस्ली कारखान्यातून आलेली प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन एंजिने तिच्यावर बसविलेली होती. कंपनीचे अध्यक्षपद भूषविलेल्या एका संचालकाचे नाव तिला देण्यात आले. हे नामकरण हेतुपूर्वक केलेले असावे, असा तर्क करावयास जागा आहे. कारण ज्या संचालक मंडळाकडून खर्चाची मंजुरी मिळवावयाची, त्याच मंडळाच्या एका वजनदार सभासदाचे नाव या प्रयोगाशी जोडले गेले.

सागाचा सांगाडा मुंबईचा आणि एंजिन विलायतेचे, ही जोडणी नीट पाहण्यासारखी आहे. लाकूडकामाच्या बाबतीत मुंबईच्या कारागिरांना कोणाकडून काही शिकावयाचे नव्हते. परंतु एंजिन, बॉयलर आणि त्यांचे सुटे भाग यांसाठी ही गोदी पूर्णपणे इंग्लंडवर अवलंबून होती. आगबोटीच्या युगाने जहाजबांधणीतील सत्तेचा तोल लाकडाकडून लोखंडाकडे, आणि म्हणून मुंबईकडून क्लाइड व टेम्स या नद्यांच्या काठांवरील कारखान्यांकडे कसा ढळविला, याची पहिली खूण ‘ह्यू लिंडसे’च्या पोटातच दिसते.

४

चाकी आगबोटीचे चालणे बाहेरून सोपे दिसते. बोटीच्या दोन्ही बाजूंस एकेक मोठे चाक असते, चाकाच्या परिघावर लाकडी पाती असतात, एंजिनाच्या बळाने चाके फिरतात आणि पाती पाणी मागे ढकलतात. परंतु पाती किती खोल बुडतात यावर सर्व काही अवलंबून असते. ती फार बुडाली तर निम्मी शक्ती पाणी वर उचलण्यात व खाली दाबण्यातच खर्ची पडते; फार वर राहिली तर ती पाण्यावर नुसती थापा मारतात. तेव्हा चाकी आगबोटीला आपले वजन शक्य तो कायम राखणे आवश्यक असते.

‘ह्यू लिंडसे’च्या बाबतीत नेमके हेच अशक्य होते. तिच्या पोटात सुमारे साडेपाच दिवस पुरेल एवढ्या कोळशाची सोय होती. आणि मुंबईहून एडनपर्यंतच्या सुमारे १,६५० सागरी मैलांस अकरा दिवसांचा कोळसा हवा होता. रचना करणाऱ्यांची कल्पना आणि मार्गाची गरज यांत दुपटीचे अंतर होते. ते भरून काढण्यासाठी मालाच्या कोठारांत तर कोळसा भरलाच, पण उतारूंच्या खोल्या व दिवाणखानाही त्याने व्यापला. साडेअकरा फूट पाणी घेणारी बोट निघताना पावणेचौदा फूट खोल बसली होती. म्हणजे पहिल्या दिवशी तिची चाके प्रमाणाबाहेर बुडालेली असत. आणि कोळसा जळत जाऊन ती हलकी होत गेली की शेवटी शेवटी पाती पुरेशी बुडत नसत. मधल्या थोड्या दिवसांतच काय ती एंजिनाची शक्ती पूर्णपणे कामी येई.

याखेरीज बॉयलरची अडचण होती. त्या काळी बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी वापरीत. वाफ होत गेली की मागे मीठ साचे, आणि त्याचा थर बसला की आच पाण्यापर्यंत पोहोचत नसे. म्हणून ठराविक वेळाने खारट पाणी बाहेर सोडून ताजे पाणी घ्यावे लागे. तापलेले पाणी असे फेकून दिले की त्याबरोबर ते तापविण्यास लागलेला कोळसाही वाया जाई. उष्ण कटिबंधातील उन्हात, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून हे काम अहोरात्र करणारे आगवाले, कोळसा ओढणारे हमाल आणि डेकवरील खलाशी यांच्या श्रमांवर ही सारी गती उभी होती. पुढे इंडियन नेव्हीच्या आगबोटींवर भट्टीच्या कामास आफ्रिकी वंशाचे सिद्दी मोठ्या प्रमाणात घेतले जात. कप्तानांची नावे ग्रंथांत आहेत. या माणसांच्या वाट्याला तेवढे स्थान आलेले नाही.

५

पहिल्या सफरीचा कप्तान होता बाँबे मरीनमधील कमांडर जॉन विल्सन. एडन, जिद्दा, कोसेर व सुएझ येथे कोळसा आधीच शिडाच्या जहाजांनी पाठवून ठेवलेला होता. हा कोळसा मुळात इंग्लंडहून आफ्रिकेच्या वळशाने मुंबईस आलेला असे. वाऱ्याची गुलामगिरी झुगारून देणाऱ्या या आगबोटीचे जळण अशा रीतीने वाऱ्याच्याच भरवशावर अर्ध्या जगाचा फेरा करून तिच्यापुढे ठेवले जात होते. आगबोटीने शिडाच्या जहाजांना हुसकावून लावले, हे विधान निदान या पहिल्या पिढीपुरते तरी दुरुस्त करून घ्यावयास हवे. शिडाच्या जहाजांची एक रांग मागे असल्याखेरीज एक आगबोट पुढे जाऊ शकत नव्हती.

अकरा दिवसांच्या वाटचालीनंतर बोट एडनला लागली, तेव्हा तिच्याजवळ जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक राहिला होता. दिवसाकाठी सरासरी दीडशे सागरी मैल, म्हणजे ताशी सहा-सव्वासहा मैल, अशी तिची चाल पडली. उलट दिशेचा जोराचा वारा अर्धा दिवस जरी टिकता, तरी ती अरबी समुद्रात निराधार झाली असती. एडनला कोळसा भरण्यात सुमारे सहा दिवस मोडले. कारण उघड होते. एडन त्या वेळी लाहेजच्या सुलतानाच्या ताब्यातील एक ओसाडप्राय गाव होते. तेथे हमाल मिळत नसत, आणि पोती किनाऱ्यावरून होड्यांत व होड्यांतून बोटीवर चढविण्याचे काम अतिशय रेंगाळे. पुढे जिद्दा व कोसेर येथे थांबत ती सुएझला पोहोचली आणि मेअखेरीस, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असता, मुंबईस परतली. बोटीत कोळसाच इतका होता की उतारूंस जवळजवळ जागाच उरली नव्हती. मुख्य माल म्हणजे टपाल.

याच सुमारास टॉमस वॅगहॉर्न हा इजिप्तमार्गे टपाल घेऊन येत होता. सुएझला त्याला ‘एंटरप्राइझ’ भेटावयाची होती. यंत्र बिघडल्यामुळे ती आलीच नाही. तेव्हा त्याने एका उघड्या होडीतून तांबडा समुद्र उतरून जिद्दा गाठले आणि मार्च १८३० मध्ये तो मुंबईस आला. इजिप्तमार्गाच्या स्थापनेचे श्रेय पुढे बहुतांशी वॅगहॉर्नलाच मिळाले. सुएझ कालव्याचा जनक लेसेप्स याने सुएझ येथे त्याचा अर्धपुतळाही उभारला. समुद्राचा भाग ज्याने प्रत्यक्ष पार करून दाखविला त्या विल्सनने १८५० मध्ये लंडनमध्ये आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. तथापि, लोकस्मृतीत त्याचे नाव राहिले नाही.

६

पहिल्या सफरीने तांबड्या समुद्राचा मार्ग शक्य आहे हे सिद्ध केले. पण तो परवडणारा आहे हे सिद्ध केले नाही. लंडनच्या संचालक मंडळाने खर्चावर बोट ठेवले आणि मुंबई सरकारच्या उत्साहाला लगाम घातला. टपालाच्या हशिलातून येणारी रक्कम कोळशाच्या किमतीपुढे अगदीच क्षुल्लक होती. मुंबई सरकारचे म्हणणे असे की, टपाल नियमित झाले तरच पत्रे वाढतील. संचालक मंडळाचे म्हणणे असे की, उत्पन्न वाढल्याखेरीज नियमितपणाचा खर्च करता येत नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच हा वाद तर्काने मिटण्यासारखा नव्हता.

परिणामी सफरी विरळ झाल्या. दुसरी सफर डिसेंबर १८३० मध्ये झाली आणि तीत स्वतः माल्कम गव्हर्नरपद सोडून इजिप्तमार्गे स्वदेशी गेला. तिसरी १८३२ मध्ये आणि चौथी १८३३ मध्ये झाली. चारही सफरी पावसाळा टाळून केलेल्या होत्या. कारण जून ते सप्टेंबर या काळातील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यास तोंड देत एडन गाठणे या बोटीच्या आवाक्याबाहेरचे होते. वाऱ्यावर विजय मिळविल्याचे म्हटले जाते, त्या आगबोटीचे वेळापत्रक मोसमी वाराच ठरवीत होता.

या काळात एडनऐवजी अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मकाल्ला हे बंदरही कोळशासाठी वापरून पाहण्यात आले. १८२९ ते १८३४ या वर्षांत मुंबईच्या आरमारातील अधिकाऱ्यांनी ‘पॅलिन्युरस’ व ‘बनारस’ या जहाजांवरून तांबड्या समुद्राचे सर्वेक्षण करून त्याचे नकाशे सिद्ध केले. पोवळ्यांच्या खडकांनी भरलेल्या त्या समुद्रात नकाशावाचून आगबोट हाकणे म्हणजे आंधळेपणाने चालण्यासारखे होते. सफरी थोड्या झाल्या, तरी मार्ग बांधण्याचे काम थांबलेले नव्हते.

मुंबईतील व्यापारीवर्गाने या प्रश्नात विशेष रस घेतला, हे स्वाभाविक होते. कापूस व अफू यांच्या बाजारभावाची बातमी दोन महिने आधी हाती येणे, याचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. १८३२ हे वर्ष मराठी वाचकांस बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’च्या आरंभाचे वर्ष म्हणून परिचित आहे. वृत्तपत्र आणि आगबोट ही दोन्ही एकाच शहरात, एकाच दशकात रुजावीत, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. बातमीला किंमत आली होती, आणि ती किती दिवसांची शिळी आहे हा प्रश्न लोक विचारू लागले होते.

७

१८३४ मध्ये पार्लमेंटच्या एका समितीने या विषयाची चौकशी केली. समितीपुढे दोन मार्ग होते: एक तांबड्या समुद्राचा, दुसरा इराणी आखातातून युफ्रेटिस नदीने वर चढून सीरियाच्या किनाऱ्याकडे जाण्याचा. दुसऱ्या मार्गाच्या पाहणीसाठी पार्लमेंटने वीस हजार पौंड मंजूर केले. त्यामागे रशियाच्या हालचालींविषयीची भीती होती. शिवाय नदीच्या काठाने चालणाऱ्या आगबोटीस जळणाची चिंता नसते, हे पूर्वी सांगितलेले तत्त्वही या मार्गास अनुकूल होते.

कर्नल चेस्नीच्या नेतृत्वाखालील ही मोहीम १८३५ मध्ये निघाली. इंग्लंडमधील लेअर्डच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘युफ्रेटिस’ व ‘टायग्रिस’ या दोन लोखंडी चाकी आगबोटी सुट्या भागांच्या रूपात सीरियाच्या किनाऱ्यावर उतरवून, उंट व बैलांच्या साहाय्याने डोंगरांपलीकडे नेऊन, बिरेजिकजवळ नदीत जोडण्यात आल्या. २१ मे १८३६ रोजी एका भयंकर वावटळीत ‘टायग्रिस’ बुडाली आणि सुमारे वीस माणसे दगावली. ‘युफ्रेटिस’ मात्र जूनमध्ये बसऱ्यास पोहोचली.

येथे ‘ह्यू लिंडसे’ पुन्हा रंगभूमीवर येते. नदीच्या आगबोटीला हिंदुस्थानचे टपाल नेऊन देण्याचे काम तिच्याकडे आले. १८३६ च्या पावसाळ्यानंतर तिने आणलेल्या पिशव्या घेऊन ‘युफ्रेटिस’ प्रवाहाविरुद्ध वर निघाली. परंतु दलदलीच्या प्रदेशात तिचे यंत्र मोडले आणि ते टपाल अखेरीस वाळवंटातून माणसांकरवी पुढे पाठवावे लागले. नदीने जळणाचा प्रश्न सोडविला होता. पण उथळ पाणी, वळणे, बदलणारे पात्र आणि काठावरील टोळ्यांशी सलोखा राखण्याची गरज, असे चार नवे प्रश्न तिने पुढे केले. याउलट समुद्राला प्रश्न एकच होता, आणि तो पैशाने सुटण्यासारखा होता. तांबड्या समुद्राच्या मार्गाचा जय झाला, तो या हिशेबाने.

सिंधू नदीवरील अनुभवही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १८३५ मध्ये मुंबईचा व्यापारी आगा महंमद रहीम याची ‘इंडस’ ही आगबोट लेफ्टनंट जॉन वुड याच्या हाताखाली सिंधूवर गेली. तेथेही पात्राचा उथळपणा आणि वाळूचे बदलते बांध यांनी आगबोटीची परीक्षा पाहिली. नदी आगबोटीला जळण देते, तशी ती तिच्या बुडाची खोलीही ठरविते.

८

१८३७ मध्ये लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या अध्यक्षतेखाली दुसरी पार्लमेंटरी समिती बसली, आणि त्याच वर्षी ‘अटलांटा’ व ‘बेरेनिस’ या अधिक मोठ्या आगबोटी इंग्लंडहून मुंबईस आल्या. आता नियमित टपालाचा मार्ग मोकळा झाला. परंतु नियमित टपाल म्हणजे नियमित कोळसा. आणि नियमित कोळसा म्हणजे असे बंदर की जेथे वखार सुरक्षित राहील, हमाल मिळतील आणि कोणत्याही मोसमात नांगर टाकता येईल. सोकोत्रा बेट घेण्याचा प्रयत्न १८३४-३५ मध्येच करून झाला होता. तापाच्या साथीने शिपाई आजारी पडल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. तेव्हा पुन्हा एडनवर दृष्टी गेली.

जानेवारी १८३७ मध्ये ‘दर्या दौलत’ हे ब्रिटिश निशाणाखालील जहाज एडनजवळ फुटले आणि त्यावरील उतारूंची लूट व विटंबना झाली. हे निमित्त पुढे करून मुंबई सरकारने कॅप्टन हेन्स यास सुलतानाशी बोलणी करण्यास धाडले. बोलणी फिसकटल्यावर १९ जानेवारी १८३९ रोजी एडन बळाने घेण्यात आले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील हे पहिले प्रादेशिक संपादन होय. येथे हेही सांगावयास हवे की, एडन घेण्यामागे केवळ कोळसा नव्हता. इजिप्तचा महंमद अली अरबस्तानात हातपाय पसरीत होता, आणि त्याला शह देणे हाही हेतू होता. तथापि, नेमके एडनच का, या प्रश्नाचे उत्तर १८३० मध्ये सहा तासांच्या कोळशानिशी तेथे पोहोचलेल्या आगबोटीतच सापडते. त्यानंतर ९३ वर्षे, म्हणजे १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबईहून चालला. मुंबई इलाख्याच्या नकाशात एक अरबी बंदर जोडले गेले, त्याचे मूळ अशा रीतीने एका बोटीच्या अपुऱ्या कोठारापर्यंत मागे नेता येते.

नव्या आगबोटी आल्यावर ‘ह्यू लिंडसे’ सुएझच्या मुख्य टपालमार्गावरून मागे पडली व आखातातील किरकोळ कामांकडे वळली. पहिल्या पिढीच्या यंत्रांची हीच गती असते. त्यांच्या उणिवांवरून पुढच्या पिढीची मापे ठरतात. ‘अटलांटा’ आणि तिच्यानंतरच्या बोटींची कोळशाची कोठारे मोठी झाली, ती या धड्यामुळेच.

९

या आगबोटीने उघडलेल्या मार्गाचा लाभ घेणाऱ्यांत तिला बांधणाऱ्या घराण्यातील एक पुरुष होता, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. अर्देशीर करसेटजी वाडिया (१८०८ ते १८७७) यांनी लाकडी जहाजांच्या परंपरेत वाढून वाफेच्या यंत्राची विद्या आपणहून आत्मसात केली. १८३९ मध्ये ते इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी १८४० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचे मुख्य एंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि इंग्रज कारागीर त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा मुंबईतील काही गोऱ्या वर्तुळांत नाराजी उमटली. १८२९ मध्ये मुंबईने सांगाडा दिला होता आणि एंजिन आयात केले होते. अवघ्या बारा वर्षांत एंजिनाचे ज्ञानही येथल्या माणसाने हस्तगत केले. मात्र ज्ञान आले तरी कारखाने आले नाहीत. लोखंडी जहाजांचा काळ सुरू झाल्यावर मुंबईची गोदी हळूहळू दुरुस्तीची गोदी बनत गेली.

टपालाच्या वेगाचा महाराष्ट्राच्या राजकारणावर काय परिणाम झाला, हाही विचार येथे प्रस्तुत ठरेल. सप्टेंबर १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना मुंबई सरकारने पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेलेले रंगो बापूजी १८५३ पर्यंत तेथे खेटे घालीत राहिले. आणि स्वतः महाराज १८४७ मध्ये काशी येथे निर्वासित स्थितीतच वारले. ज्या वर्षी एडन घेतले गेले त्याच वर्षी सातारचे हे प्रकरण घडले. या चौदा वर्षांत टपाल दर महिन्यास जात-येत होते. पत्राला उत्तर चार महिन्यांत मिळू शकत होते. न्याय मात्र चौदा वर्षांतही मिळाला नाही. पूर्वी अंतरामुळे विलंब होतो असे म्हणावयास तरी जागा होती. आगबोटीने ती सबब काढून घेतली. मुंबईच्या गव्हर्नराची स्वतंत्र बुद्धीने निर्णय करण्याची मोकळीकही त्याबरोबरच आकसत गेली. आणि १८७० मध्ये समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेल्यावर ती जवळजवळ संपली. लंडनच्या अनुज्ञेची वाट न पाहता मोठी पावले उचलणारे एल्फिन्स्टन व माल्कम यांच्यासारखे गव्हर्नर त्यानंतर झाले नाहीत, याचे एक कारण माल्कमच्याच या आगबोटीत शोधता येते.

१०

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ‘ह्यू लिंडसे’च्या यशाचा प्रसिद्ध आकडा दोन भागांत वाचला पाहिजे, एकवीस दिवस यंत्राचे आणि अकरा दिवस वखारीचे. दुसरा असा की, नदीवर जन्मलेले हे वाहन समुद्रावर आणावयाचे, तर नदीच्या काठांची जागा घेणारी बंदरांची साखळी निर्माण करणे अपरिहार्य होते, आणि त्या साखळीने तंत्राच्या प्रश्नाचे राज्यविस्ताराच्या प्रश्नात रूपांतर केले. तिसरा असा की, या आगबोटीने मुंबईला जगाच्या जवळ आणले, त्याच वेळी मुंबईच्या गोदीला तिच्या जुन्या श्रेष्ठत्वापासून दूर नेण्यासही आरंभ केला. १८५४-५५ मध्ये मुंबई-सुएझ टपालाचे काम पी. अँड ओ. कंपनीकडे गेले, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि ‘ह्यू लिंडसे’ची आठवण मागे पडली. तथापि, इंधन कोठे साठविले आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे यावर सागरी सत्तेचे गणित ठरते, हा तिने घालून दिलेला धडा कोळशाच्या जागी तेल आल्यानंतरही कायम राहिला. त्या दृष्टीने, पावणेचौदा फूट खोल बसून, खोल्याखोल्यांत कोळसा भरून मुंबई बंदरातून बाहेर पडणाऱ्या या आगबोटीस आधुनिक सागरी इतिहासाच्या आरंभीच्या पानांत स्थान द्यावयास हवे.